उल्हासनगरात पाहुणे गेलेले देव

आमच्या मिरजेच्या सोसायटीत सध्या प्रवासाची साथ आलीय. कुणी काश्मीरहून केशर आणतं, कुणी व्हिएतनामहून ती शंकूसारखी टोपी आणून गच्चीत घालून फिरतं. मी गेल्या महिन्यात बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर असा चार दिवसांचा दौरा करून आले. शेजारच्या सुशीलानं नाक मुरडून विचारलं, "तिथं गं काय बघायचं?" तर सुशीले, हे तुझ्यासाठी लिहितेय. हसून हसून पोट दुखलं तर मला सांगू नकोस.

आधी थोडं घरचं. मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि मी देव मानत नाही. माझे वडीलही मानत नव्हते. यात विशेष काही नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा मात्र दोष आहे. माझ्या ऋचाचं एक स्थळ त्यापायीच गेलं. मुलाच्या मामांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि मी त्यांना ब्रेक कसे काम करतात ते समजावून सांगितलं. वीस मिनिटं. ते पुन्हा फोनवरही आले नाहीत.

आता ऋचाला तिच्या पुण्याच्या ऑफिसातला सुमित आवडला होता. चार वर्षांची ओळख. मुलगा सोन्यासारखा, पण घर बदलापूरच्या जुन्या कुळगावातलं, आगरी, देवाधर्माचं. "माझी आई पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही," असं तो सहज बोलून गेला आणि मला गाडीपुढचा तो नारळ आठवला. त्याच्या आईनं, हिराताईंनी, फोन करून मला चार दिवस राहायला बोलावलं. "एकदा ताट वाढून माणूस कळत नाय. रविवारी या, बुधवारी मुलं आली का सुपारी फोडू." सुपारी फुटली की लग्न पक्कं.

त्याच फोनवर मी माझ्या स्वभावाला जागून सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात देव्हारा नाही हं. पूजेच्या उदबत्तीचा वास आला तरी मी उठून बाहेर जाते." उगाच फुशारकी. आमच्या खालच्या मजल्यावर रोज उदबत्ती लागते, मी कुठं जाते? पण बोलून गेले.

निघताना ऋचानं हात धरला. "आई, तोंड बंद ठेव. फक्त चार दिवस. या वेळी तुझ्यामुळे मोडलं ना, तर मी खरंच तुझ्याशी बोलणार नाही." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मग मी ठरवलं, नुसतं तोंड बंद नाही, आपण पुढं जायचं. आस्तिकच होऊन जायचं. नाहीतरी चार दिवसांचा तर प्रश्न! यजमान म्हणाले, "तुला जमणार नाही." ते गुडघ्यांचं निमित्त करून घरीच राहिले, शहाणे.

रविवार, कुळगाव

बदलापूर मी डोळ्यांपुढे आणलं होतं त्यापेक्षा फारच उंच निघालं. जिकडेतिकडे वीस वीस मजले. पण कुळगावात शिरलं की मध्येच कौलारू घरं, पुढे ओटा, मागे विहीर, आणि विहिरीवर टॉवरमधल्या कुणाच्या तरी बाल्कनीतून उडून आलेली चड्डी. हिराताईंचं घर असंच. ओट्यावर व्याहीबुवा बसलेले, बनियनवर नवा कोरा शर्ट, घडीच्या रेघांसकट. हिराताई ठेंगण्या, ठसठशीत, कमरेला पदर खोचलेला. मी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून गेले होते. एरवी मी टिकलीसुद्धा विसरते.

"हे पेढे," मी मधाळ आवाजात म्हणाले, "आधी देवापुढे ठेवा हं."

हिराताई पेढ्यांचा पुडा हातात धरून अशा उभ्या राहिल्या, जसं काही मी त्यांना बीजगणिताचं उदाहरण घातलं होतं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पुडा फ्रिजवर ठेवला. "देव्हारा पॉलिशला दिलाय," त्या फ्रिजकडे बघून म्हणाल्या. भिंतीवर खरंच एक मोकळा चौकोन होता, भोवती तेलाचे डाग आणि वर काजळी. बाकी घरात देव औषधालाही नाही. कॅलेंडरसुद्धा बँकेचं, धरणाचं चित्र असलेलं.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी धास्तावले. इतक्या देवभक्त बाईच्या घरी देव नाहीत म्हणजे काय? संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी सवयीचा आव आणून हात जोडले. जोडायला समोर काही नव्हतं, म्हणून ट्यूबलाइटला जोडले. हिराताईंनी पटकन तोंड फिरवलं.

जेवताना व्याहीबुवांना मी विचारलं, "कसं काय, सगळं ठीक?"

"हो तर. देवाच्या..." ते म्हणाले, आणि हिराताईंनी डाव भांड्यावर असा आपटला की ते दचकले. "...सरकारच्या दयेनं बरं चाललंय."

सरकारच्या दयेनं बरं चाललेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. रात्री अंथरुणावर पडून मला ते आठवून हसूच आवरेना.

सोमवार, अंबरनाथ

सकाळी सहाला हिराताई दोन पुडांचा डबा पदराखाली घेऊन बाहेर पडल्या. "दूध घेऊन येते. वांगणीच्या म्हशीचं चांगलं असतं." दीड तासानं आल्या, ती प्लास्टिकची पिशवी घेऊन. तीच, जी कोपऱ्यावर मिळते. मी मास्तरीण, पस्तीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेल्या. पण तोंड बंद!

नऊच्या सुमारास स्वयंपाकघरातून वास आला आणि मी गारठले. मासे. देव सोडला म्हणजे मासे धरले पाहिजेत असा नियम नाही. आमच्याकडे आजेसासूबाईंपासून कुणी खाल्लेले नाहीत आणि माझ्याच्यानं बघवतही नाहीत. आता नाही म्हणावं तर विहीणबाई दुखावणार. आणि तेवढ्यात मला सुचलं. केवढी मी हुशार!

"अगं बाई," मी म्हणाले, "आज सोमवार ना? माझा उपास असतो हो."

हिराताई चुलीपाशी पाटावर मटकन बसल्या. "तुमचा? सोमवार?"

"कडक."

"माझा पण सोमवार हाय," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"मग हे?"

"तुमच्यासाठी. मी बोलले, तुमाला वार-बिर नसतील. जिताडा हाय, मुद्दाम मागवला."

आम्ही दोघींनी व्याहीबुवांकडे पाहिलं. त्यांनी केविलवाणा चेहरा केला. "माझा पण सोमवारच गो."

पातेलंभर कालवणाभोवती तीन उपाशी माणसं. शेवटी ते पातेलं मागच्या टॉवरमधल्या बंगाली कुटुंबाकडे गेलं. तासाभरानं ते घासूनपुसून रसगुल्ल्यांसकट परत आलं. आम्ही साबुदाणा खाल्ला. मला साबुदाण्यानं पित्त होतं, पण आता सांगते कुणाला?

दुपारी मी म्हटलं, अंबरनाथला जाऊ या. हिराताईंनी बागेचं नाव काढलं, मग मॉलचं, मग म्हणाल्या नदीवर चला, ती पण छान आहे. मी हट्टाला पेटले. "सोमवारी शंकराला नाही जायचं? असं कसं?"

आता हे मात्र खरं सांगते, ते देऊळ बघायला देव मानावा लागत नाही. काळा दगड, आणि त्यावर बोटभर जागा सोडलेली नाही. नाचणाऱ्या बाया, हत्ती, आरशात बघणारी एक. कितीतरींचे चेहरे पावसानं पुसलेले. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. बाहेर कडाक्याचं ऊन आणि आत तळघरासारखा गारवा, वरून एक उजेडाची तिरीप. मी तिथं पाच मिनिटं उभी राहिले. ते नाटक नव्हतं. कुणी केलं असेल हे, किती पिढ्या छिन्नी चालली असेल, असं मनात येत होतं.

वर आले आणि पुन्हा नाटकात शिरले. हात जोडून, ओठ पुटपुटवत देवळाला प्रदक्षिणा सुरू केली. पाव झाली, अर्धी झाली, आणि मागून एक आजीबाई ओरडल्या, "ओ ताई! ओलांडू नका, ओलांडू नका!" मला वाटलं साप आहे. मी उडी मारली. आणि बरोबर जे ओलांडायचं नव्हतं ते ओलांडलं. शंकराला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत म्हणे. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथवर जायचं आणि उलट फिरायचं. हे लहान पोरालाही माहीत असतं. चारी बाजूंनी माणसं बघायला लागली. हिराताईंनी धावत येऊन मला दंडाला धरलं आणि आजीबाईंना म्हणाल्या, "जाऊदे गो आये, शिकलेली हाय ती."

घरी येईपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. मी समजले, संपलं. ऋचाचं दुसरंही स्थळ मी घालवलं, तेही उडी मारून.

मंगळवार, उल्हासनगर

पित्तानं मला पाचलाच जाग आली. ओट्यावर जाऊन बसले, तर हिराताई डबा घेऊन दारात. मला बघून तशाच माघारी फिरल्या. पुढचे तीन तास त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहात मीठ घातलं. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. शेवटी नऊला म्हणाल्या, "चला, उल्हासनगरला. ऋचाला साडी बघू." आणि डबा पिशवीत टाकला.

उल्हासनगरचा बाजार म्हणजे सुशीले, तुझा व्हिएतनाम झक मारेल. एका गल्लीत नुसत्या जीन्स, दुसरीत नुसत्या लेस नि जरीच्या किनारी, तिसरीत पापड. सगळे दुकानदार सिंधी आणि सगळ्यांना आपण त्यांच्या सख्ख्या मावशी वाटतो. मी एका साडीवाल्याला मराठीत विचारलं, त्यानं हिंदीत सांगितलं, हिराताईंनी सिंधीत घासाघीस केली. मी तोंडात बोटंच घातली. साड्यांचा ढीग पडला तसं हिराताई म्हणाल्या, "तुमी बघा, मी पाच मिन्टात आले," आणि गेल्यासुद्धा.

माझं मन साडीत लागेना. कालचं ओलांडणं छातीवर बसलं होतं. काहीतरी भरपाई करायला पाहिजे. आणि समोरच्या गल्लीत फर्निचरची दुकानं दिसली. देव्हारा! आपण त्यांना नवा कोरा, घंटा लावलेला देव्हारा भेट द्यायचा. ब्रेकचं भाषण देणारी बाई देव्हारा विकत घेतेय. वडील असते तर त्यांना ठसकाच लागला असता.

पहिल्याच दुकानात शिरले. गादीवर पांढऱ्या मिशांचे शेठ. त्यांनी रंगीबेरंगी दिव्यांचे चार-पाच देव्हारे दाखवले. पण माझी नजर गेली ती कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे. जुन्या सागवानाचा, साधा, पण काय सुबक! आत पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवतांचे चांदीचे दोन टाक. कालची फुलं सुकलेली.

"वो कितने का है?" माझं हिंदी.

"वो बेचने का नहीं है, अम्मा," शेठ म्हणाले. "वो तो मेहमान हैं."

"किसके?"

"अरे साईं, क्या बताऊँ. बदलापूर का एक आदमी, बीस साल हमारे दुकान का टेम्पो चलाया. उसके घर में चार दिन नास्तिक लोग आने वाले हैं. भगवान को देख के उनको तकलीफ होती है, घर से उठ के भाग जाते हैं. तो माताजी भगवान को इधर छोड़ के गईं. हमारा घर ऊपर ही है, तो रोज सुबह आती हैं, नहलाती हैं, भोग लगाती हैं. आज अभी तक आईं नहीं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सुना है उनको चक्कर भी आता है."

मला खरोखरच चक्कर आली. मी एका सोफ्यावर बसले.

"हमको चक्कर नहीं आता," मी म्हणाले.

"आपकी बात नहीं है, अम्मा."

"हमारीच बात है!"

शेठनी माझ्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गडबडीनं चहा मागवला. तेवढ्यात दारात हिराताई, हातात डबा उघडलेला, वरच्या पुडात भात आणि त्यावर तुपाचा थेंब.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांनी काय केलं असेल? मला बाजूला सारलं आणि आधी देवांना आंघोळ घातली. फुलं घातली, भाताचा नैवेद्य दाखवला, आणि मग स्वतः घटाघटा तांब्याभर पाणी प्यायल्या. सकाळपासून त्या बाईच्या घशाखाली थेंब गेला नव्हता, कारण मी ओट्यावर बसले होते. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

"हिराताई, असं का केलंत हो?"

"तुमी बोललात ना फोनवर. वासानं पण उठून जाता. घरी आलेलं माणूस उठून गेलं तर काय राहिलं?"

"मग शेजारी ठेवायचे."

"येडं का? भावकीत कळलं असतं, नास्तिक विहीण आली नि हिरानं देव काढले, तर बोंब झाली असती."

"आणि देव रागावले नाहीत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "देव का रागावल? घरी पाव्हणा येणार ते त्याला कळत नाय काय? रागावतात ती माणसं." मग नजर खाली घालून म्हणाल्या, "सुमित बोलला, ऋचाची आई लय शिकलेली हाय. मला हसलात असतात तर चाललं असतं. यांना हसाल, ते मला सोसलं नसतं."

मी हसले असते. तेच तर. घरी जाऊन सुशीलेला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं असतं. मला वाटत होतं ही बाई देवाला घाबरून पूजा करते. ती तर त्यांची आईसारखी काळजी घेत होती.

"आता तुमी सांगा," हिराताईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी देव मानत नाय. मग कालचा सोमवार?"

"खोटा."

"कुंकू?"

"तेही. ट्यूबलाइटला हात जोडले तेसुद्धा."

"मी बोलले यांना, विजेला जोडले. सायन्सवाल्यांचा देव असंल. नि परदक्षिणा? मला वाटलं मुद्दाम ओलांडलंत, काय होत नाय ते दाखवाला."

"अहो, साप वाटला म्हणून उडी मारली!"

"पन मग देव नाय तर तुमी एवढं सगळं कुनाला भिऊन केलंत?"

"तुम्हाला," मी म्हणाले. "पोरीचं लग्न तुम्ही मोडाल म्हणून."

"आनि मी देव हलवले ते तुमाला भिऊन!" असं म्हणून हिराताई हसायला लागल्या. मग मी. मग आम्हाला थांबताच येईना. मी सोफ्यावरून घसरले, त्या देव्हाऱ्याला धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी. शेठ आधी घाबरले आणि मग तेही मिशीतल्या मिशीत सुरू झाले. गल्लीतली दोन गिऱ्हाइकं आत डोकावून गेली.

हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पन खोटं बोलाला काय वाटलं नाय तुमाला? कोन बघणारा नाय तर?"

"काल रात्री धड झोप लागली नाही."

"मंग? आतमधे बसलाय तो कोन?"

"ते साबुदाण्याचं पित्त आहे, हिराताई."

परतताना रिक्षा केली. देव्हारा टेम्पोतून मागून येणार होता, पण हिराताई देव काही टेम्पोत टाकायला तयार नव्हत्या. त्यांच्या मांडीवर टाक, आणि माझ्या मांडीवर नॅपकिनात गुंडाळलेले बाळकृष्ण नि अन्नपूर्णा. रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पुडकं छातीशी धरत होते. शेवटी मीच ओरडले, "अरे बाबा, सावकाश घे ना, माणसं बसलीत!" हिराताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आपल्याला म्हणतेय मी. आपल्याला."

बुधवार, पुन्हा कुळगाव

मुलं सकाळीच आली. ऋचानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, जिथं आज काहीच नव्हतं, आणि तिचा चेहरा उतरला. "बोललीस ना तू?" मी मान हलवली. तिनं हिराताईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "चांगलं दोन तास बोलली तुझी आई. फर्निचरच्या दुकानात. आता बस पाटावर."

दहाला चार माणसांत सुपारी फुटली. व्याहीबुवांनी बत्ता इतक्या उत्साहानं मारला की अर्धी सुपारी उडून माझ्या कपाळाला लागली. ठरलं ते असं: लग्न नोंदणीचं, हळद मात्र आगरी, म्हणजे रात्रभर बेंजोवर नाच आणि अख्खं कुळगाव जेवायला. "देवाच्या दयेनं सगळं नीट झालं," व्याहीबुवा खणखणीत आवाजात म्हणाले. चार दिवस कोंडलेलं वाक्य होतं ते. ऋचा माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले.

दुपारी पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या विहिरीवर बसलो. तबक, समई, आणि दुकानातल्या धुळीनं काळवंडलेले देव. हिराताई सकाळपासून स्वयंपाक करून दमलेल्या, म्हणून मीच म्हटलं, "द्या इकडे. पूजा तुमची, घासायचं काम मी करते." चिंचेचा गोळा भिजवून बाळकृष्णाला चोळला, तर दोन मिनिटांत असा लखलखला की विचारू नका. कितीही झालं तरी मी मास्तरीण. "बघा," मी म्हणाले, "चिंचेत आम्ल असतं. पितळेवर जो थर बसतो, तो त्यात विरघळतो. बस, बाकी काही नाही."

"म्हंजे देव उजळला तो चिंचेनं?"

"चिंचेनं."

"आनि चिंच कुणी केली?"

मी तोंड उघडलं. आणि ऋचाची आठवण येऊन गपकन मिटलं.

हिराताईंनी बाळकृष्ण माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसला आणि मला कोपरानं ढोसलं. "बोला की विहीणबाई! सुपारी फुटली आता. भिता कुनाला?"